मोतीबिंदू काढा, काचबिंदू राहू द्या

दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला. म्हणाले, "सिस्टर, तुमच्या नोकरीतले काही हृदयद्रावक अनुभव लिहून द्या." मी म्हटलं, साहेब, मी डोळ्यांच्या दवाखान्यात होते. तिथं मी जितकी हसले तितकी स्वतःच्या लग्नात हसले नाही. लग्नात तर सासूबाई समोरच बसल्या होत्या. ते म्हणाले, मग हसण्याचं लिहा, पण शब्द जास्त नकोत. तर लिहिते.

मी मूळची नांदेडची. नर्सिंग तिथंच शिकले, पहिली नोकरी तिथंच केली. मग यांची बदली लातूरला झाली आणि मी आमच्या डॉक्टर मॅडमच्या डोळ्यांच्या दवाखान्यात चिकटले ती निवृत्त होईपर्यंत. पाटीवर 'परिचारिका' लिहिलेलं असलं तरी दवाखाना छोटा असल्यामुळे थेंब घालणं, दाब मोजणं, ऑपरेशनला मॅडमच्या हाताशी उभं राहणं आणि घाबरलेल्या माणसाला दटावून खुर्चीत बसवणं, ही सगळी खाती माझ्याकडे होती. शेवटचं खातं मला सगळ्यात आवडायचं.

डोळ्याचे दोन आजार लोकांना नावानं सारखे वाटतात, म्हणून आधी तेवढं सांगून टाकते. मोतीबिंदू म्हणजे खिडकीची काच मळून पांढरी होणं. काच बदलली की पुन्हा लख्ख दिसतं. माणूस खूश, डॉक्टर खूश, पेढे येतात. काचबिंदू मात्र लबाड. डोळ्यात आत सतत पाणी तयार होतं आणि एका बारीक मोरीतून निघून जातं. ती मोरी तुंबली की डोळ्यातला दाब वाढतो आणि मागची नस हळूहळू मरते. दुखत नाही, खुपत नाही. नजर जाते ती कडेकडेनं. मधलं शेवटपर्यंत नीट दिसतं, त्यामुळे माणसाला पत्ताच लागत नाही. आणि गेलेलं परत येत नाही, मग पेढे कुठले?

काही जणांना हे दोन्ही एकाच डोळ्यात होतात. मग मॅडम एकाच बैठकीत दोन्ही कामं करायच्या. मळलेली काच काढून नवी बसवायची, आणि वरच्या पापणीखाली लपेल अशा जागी पाण्याला नवी मोरी काढून द्यायची. ऐकायला सोपं आहे. करताना मॅडमच्या कपाळावरचा घाम मी कितीदा टिपलाय ते मला माहीत.

काचबिंदूचा पेशंट म्हणजे जन्माचं नातं, आणि नात्यात गमती असतातच. धर्माबादचे एक मिरचीचे व्यापारी होते. थेंब सुरू केले आणि तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन, "शिस्टर, हे औषध लई जहाल हाय, डोळ्यातून जाळ निघून राहिला." मी घाबरले. बाटलीवरचं नाव वाचायला लावलं, ते बरोबर. मग विचारलं, "थेंब घालायच्या आधी काय करत होता?" म्हणाले, "मिरचीचं पोतं बघत होतो." "मग हात धुतला का?" मग म्हणाले, "औषध तर बाटलीत हाय की, हात कशाला धुवायचा?"

आणि ते फील्डचं यंत्र! कडेची नजर किती उरली ते त्यात कळतं. पांढऱ्या वाडग्यासारखं असतं, त्यात हनुवटी टेकवायची, कपाळ पट्टीला लावायचं, समोरच्या पिवळ्या दिव्याकडे एकटक बघायचं. आजूबाजूला बारीक ठिपके चमकतात. नजर न हलवता ठिपका दिसला की हातातलं बटन दाबायचं. कंधारचे एक निवृत्त गुरुजी प्रत्येक ठिपक्याला बटन दाबून वर "हजर!" म्हणायचे. दुसऱ्या डोळ्याच्या वेळी बाहेर बसलेले पेशंटही त्यांच्याबरोबर "हजर" म्हणायला लागले. बाकी बहुतेकांची नजर ठिपक्यामागं पळते, यंत्र ओरडतं, मी ओरडते, आणि सगळं पहिल्यापासून. त्या कपाळपट्टीवर दिवसभरात हळद, कुंकू, बुक्का, विभूती यांचा असा थर बसायचा की संध्याकाळी पुसताना मला देवघर आवरल्यासारखं वाटायचं.

उदगीरच्या वीरभद्रअप्पांची गोष्ट याच यंत्रापासून सुरू झाली. नाव अर्थात बदललंय. माझ्या निवृत्तीच्या आदल्या वर्षाची गोष्ट. किराणा दुकान, सत्तरी गाठलेली, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात चांदीच्या डबीत लिंगायतांचं इष्टलिंग. बरोबर बायको, महादेवीअक्का, हातात प्लॅस्टिकची पिशवी घट्ट धरलेली. तक्रार एकच, धूसर दिसतंय.

उजवा डोळा झाकायला सांगितला, डाव्यानं वाचलं, अंधूक पण वाचलं. डावा झाकायला सांगितला तर म्हणाले, "शिस्टर, दिवे घालवलेत का?" दिवे चालूच होते. उजवा डोळा पार गेलेला होता आणि या गृहस्थांना आत्ता, माझ्यासमोर, ते कळत होतं. डाव्याचा दाब मोजला, तो भलताच. मी त्यांना यंत्राला बसवलं.

इतक्या वर्षांत मी असा पेशंट पाहिला नाही. पापणी हलत नाही, मान हलत नाही, नजर दिव्यावर खिळलेली. यंत्र एकदाही ओरडलं नाही. पण अप्पा बटनही दाबेनात. मी म्हटलं, "अप्पा, दाबा की!" शांतपणे म्हणाले, "दिसल तवा दाबतो की." मधल्या भागात चार-सहा वेळा दाबलं, बस. मला वाटलं, बुवांची समाधी लागली. पुन्हा सगळं समजावलं, पुन्हा चाचणी घेतली. पुन्हा तेच. कागद बाहेर आला तो काळाकुट्ट, मध्ये बोराएवढी पांढरी जागा. अप्पांना खरंच तेवढंच दिसत होतं.

मॅडमनी सगळं समजावून सांगितलं. आठवडाभर थेंब घालून पाहिले, दाब पुरेसा उतरेना. मग मॅडम म्हणाल्या, "अप्पा, डाव्या डोळ्यात मोतीबिंदूही आहे आणि काचबिंदूही. दोन्हींचं एकत्र ऑपरेशन करू."

अप्पांनी हात जोडले. "मॅडम, मोतीबिंदू काढा. काचबिंदू राहू द्या."

मॅडमना वाटलं ऐकण्यात चूक झाली. "राहू द्या म्हणजे?"

"धूसर तेवढं काढा. बाजूचं न दिसणं, ते काढू नका. ती कृपा हाय."

आणि मग अप्पांनी सांगितलं. रोज पहाटे अंघोळ करून ते इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजेला बसतात, तासभर एकटक लिंगाकडे बघत. लहानपणापासूनचा नेम. आधी पूजेत लिंगाबरोबर हाताची बोटंही दिसायची, चौरंग दिसायचा, भिंतीवरची पाल दिसायची, मन पळायचं. गेल्या काही वर्षांत एकेक सगळं नाहीसं होत गेलं. पाल गेली, भिंत गेली, चौरंग गेला, बोटंसुद्धा गेली. आता फक्त लिंग. "मोठमोठ्यांना जमत न्हाई ते मला जमलंय, मॅडम. फक्त हल्ली लिंगच धूसर दिसलालंय. पूजेत काय चूक झाली की म्हणून आलो."

मी पडद्याआड गेले आणि पदर तोंडात कोंबला. देवाशपथ सांगते, मला हसूही येत होतं आणि त्या काळ्याकुट्ट कागदाची भीतीही वाटत होती.

महादेवीअक्कांनी तर भरच घातली. अप्पा रस्त्यानं चालताना बाजूनं नमस्कार करणाऱ्याकडे बघत नसत, तर गल्लीत बोलबाला झाला की अप्पा आता मानापमानाच्या पलीकडे गेले. दाराच्या चौकटीला आपटत, तर लोक म्हणत, देहभान उरलं नाही. बायका पोरांना आणून पायावर घालायला लागल्या. दुकानात कुणी बाजूनं हात घालून शेंगदाणे उचलले तरी अप्पा काही बोलत नसत. "लोक म्हणायले, मायामोह सुटला," अक्का म्हणाल्या. "मी शेजारी ताट घेऊन हुभी राहायची, तरी बघायचे न्हाईत. मी म्हणलं, वैराग्य आलं असंल."

मॅडमनी काचबिंदूचं चित्र दाखवलं, मॉडेल दाखवलं, आवाज चढवला. काचबिंदू तसाच ठेवून नुसता मोतीबिंदू काढला तर वर्षभरात नव्या भिंगाचा आंधळा डोळा शिल्लक राहील, असं स्पष्ट सांगितलं. अप्पा हात जोडूनच. शेवटी मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. "सिस्टर, यांना तुम्ही बघा." आणि पुढच्या पेशंटकडे निघून गेल्या. शिकलेली माणसं अशी ऐन वेळी पळ काढतात.

मी अप्पांना चहा दिला, स्वतःही घेतला. देवाधर्माला धक्का लावायचा नाही आणि डोळाही घालवायचा नाही, अशी ती कसरत. मी म्हटलं, "अप्पा, कृपा पूजेत होते ना?"

"हाव."

"पूजा झाली की संपते?"

अप्पांनी चहाचा घोट घेतला.

"दुकानात गूळ तोलताना काय दिसतं? काटा आणि गूळ दोन्ही दिसतात?"

अप्पांनी डोळे मिटून आठवून पाहिलं. "काट्यावरचा आकडा दिसतो. गूळ न्हाई दिसत. गूळ बघाया गेलं की आकडा जातो."

"मग तेव्हा कृपा कुणावर असते? तुमच्यावर की गुळाच्या आकड्यावर?"

क्षणभर मला वाटलं, आता हे उठून जाणार. अप्पांच्या ओठांचा कोपरा हलला, मिशी हलली, मग खांदे हलले, आणि चहा बशीत सांडेपर्यंत माणूस हसत सुटला. "आयला! काट्याला समाधी लागली म्हणा की!" अक्का हसायला लागल्या, मीही. बाहेर रांगेतला एक जण डोकावून म्हणाला, "का हसलालाव? आमाला बी सांगा की."

पण हसू ओसरल्यावर अप्पांचा चेहरा पडला. हळूच म्हणाले, "आता गल्लीत काय सांगू? लोक पाया पडतात माझ्या." मग आणखी हळू, "आन् उजवा गेला तो?"

तेवढ्यात अक्कांनी ती प्लॅस्टिकची पिशवी उघडली. आतून एक जुनं कार्ड काढून माझ्यापुढं धरलं. "ह्यो कागद बी बघा, शिस्टर. मागं शिबिरात तपासलेलं."

उदगीरचं शिबिर, बऱ्याच वर्षांपूर्वीचं. शिबिरात शेकडो माणसं, हातात बॅटरी, भिंतीवर अक्षरांचा तक्ता. कार्डावर लिहिलं होतं, 'शेवटची ओळ वाचली. नजर उत्तम. मोतीबिंदूची किंचित सुरुवात, काळजी नको.' खाली सही माझी.

मला अप्पा आठवत नव्हते, पण माझं अक्षर मी ओळखते. त्या शिबिरात दाब मोजायचं यंत्र आम्ही नेलंच नव्हतं. मोतीबिंदूचे पेशंट शोधायला गेलो होतो आणि मोतीबिंदूच शोधला. मधली नजर शाबूत असल्यामुळे अप्पांनी तक्ता धाडधाड वाचला आणि मी शाबासकी देऊन घरी पाठवलं. तेव्हा त्यांना गाडीत घालून लातूरला आणलं असतं, तर उजवा डोळा आज बघत असता. असे आणखी किती जण मी शाबासकी देऊन घरी पाठवले असतील, हे निवृत्तीनंतरही दुपारी अंथरुणावर पडलं की मनात येतं. हे दुःख माझ्या पेन्शनबरोबर येतं.

कार्ड परत देऊन गप्प बसता आलं असतं. मी नाही बसले. मी म्हटलं, "अप्पा, ही सही माझी. तुमचा काचबिंदू माझ्यासमोर होता आणि मी तो पाहिला नाही. चूक माझी आहे."

अक्का माझ्याकडे बघत राहिल्या. मी शिव्या खायच्या तयारीनं बसले होते. अप्पांनी कार्ड डोळ्याजवळ नेलं, त्या बोराएवढ्या जागेतून माझी सही शोधली आणि म्हणाले, "तुमी म्हणला नजर उत्तम. मी म्हणलो कृपा. दोघं बी चुकलाव. आता जे ऱ्हायलंय ते वाचवा, बाई."

मॅडमनी मग शेवटचं आणि खरं ते सांगितलं. नजर इतकी कमी उरली असताना ऑपरेशनमध्ये तीही विझू शकते. क्वचित होतं, पण होतं. आणि ऑपरेशन नीट झालं तरी गेलेली कड परत येणार नाही, उरलेलं तेवढं टिकेल. अप्पांना दरदरून घाम फुटला. एकुलता एक डोळा, त्यातली एवढीशी जागा, आणि त्यावर सुरी.

तेव्हा अक्का बोलल्या. त्या बाईंना मी तोवर स्वतःसाठी काही मागताना ऐकलं नव्हतं. "मला तुमचं वैराग्य नगं," त्या म्हणाल्या. "कधीच नगं हुतं. भ्या वाटतं म्हणून काय बोलले न्हाई. मला तुमी बघाया पायजे." आणि संमतीचा अर्ज ओढून घेऊन नातेवाइकाच्या जागी सही ठोकली. अप्पांनी मग मुकाट्यानं आपली केली.

त्याच संध्याकाळी अप्पांनी वॉर्डातूनच गल्लीतल्या शेजाऱ्याला फोन लावला. फोन स्पीकरवर, आवाज कीर्तनकाराचा. "उद्यापासून कुणी माझ्या पाया पडायचं न्हाई! मला काचबिंदू झालाय! तुमाला बी अशी एकाग्रता आली असंल तर पयलं लातूरला या!" वॉर्डात हशा पिकला. एका आजोबांनी खाटेवरून टाळ्या वाजवल्या.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी मात्र माझं आणि अप्पांचं जुंपलं. अंगावर काही ठेवायचं नाही, हा ऑपरेशन थिएटरचा नियम. दोरा नाही, डबी नाही. आणि इष्टलिंग अंगावेगळं करायचं नाही, हा अप्पांचा. "जीव गेला तरच वेगळं व्हतंय ते," अप्पा म्हणाले. मी नांदेडची हट्टी, ते उदगीरचे हट्टी. मॅडमनी हात धुताधुता आतून ओरडून विचारलं, "झालं का?" शेवटी मीच तोड काढली. डबी आणि दोरा अक्कांकडे. लिंग अप्पांनी स्वतःच डाव्या मुठीत घेतलं, मी ती मूठ निर्जंतुक पट्टीनं पूर्ण गुंडाळली आणि पोटावर ठेवून वरून निर्जंतुक कापड टाकलं. नियमही राहिला, लिंगही अंगाला राहिलं. मॅडमनी त्या पांढऱ्या गाठोड्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि सूक्ष्मदर्शक ओढून घेतला.

डोळा बधिर केला तरी माणूस जागा असतो. कुणी खोकतं, कुणी मध्येच विचारतं की गाडी लागली का. अप्पा मात्र निश्चल. जन्मभर एकटक बसायची सवय. मॅडमनी मळलेली काच विरघळवून ओढून काढली, नवं भिंग आत सरकवलं, मग पाण्यासाठी ती बारीक मोरी. तिथं केसाएवढं चुकलं तर पाणी भसकन निघून जातं आणि डोळा पिचतो. अप्पा एकदाच बोलले, "मॅडम, निळं-गुलाबी कायतरी लई छान दिसलालंय." मॅडम म्हणाल्या, "बघत बसा, पण हलू नका." नंतर मला म्हणाल्या, "सिस्टर, माझ्या सगळ्या पेशंटना हा नेम लावून द्या."

बाहेर आले तर उदगीरहून एक जीप भरून गल्ली आलेली. कालपर्यंत अप्पांच्या पाया पडणारे सगळे, एकाग्रता तपासायला. दुपारभर मी त्यांना यंत्राला बसवत होते. कपाळपट्टी विभूतीनं पांढरीफटक झाली. बाकीच्यांचं काही निघालं नाही, पण एका बाईंचा दाब वाढलेला निघाला, अगदी सुरुवातीचा. थेंबांवर भागलं. त्या बाईंनी आनंदानं माझ्याच पाया पडायला सुरुवात केली, तेव्हा मी म्हटलं, हे खूळ उदगीरलाच ठेवा.

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी उघडायची होती. मी इतक्या पट्ट्या उघडल्या असतील, पण त्या दिवशी मी आधी दोनदा हात धुतले. विझलं तर नसेल? मॅडम समोर उभ्या. अक्का बाजूला, खाटेच्या डाव्या अंगाला. मी पट्टी काढली, डोळा पुसला. अप्पांनी पापणी उघडली.

"अप्पा," मॅडम पुढं वाकल्या, "काय दिसतंय?"

अप्पांनी पहाटेपासून लिंग धरून असलेली डावी मूठ वर आणली, उघडली. तळहातावरच्या लिंगाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "लख्ख." मॅडमनी श्वास सोडला, तो मला ऐकू आला. मी रडत होते हे मला नंतर कळलं.

"आता लक्षात ठेवा," मॅडम म्हणाल्या, "कड परत आलेली नाही. बाजूचं बघायचं असेल तर मान वळवायची. मान वळवायची सवय लावून घ्या."

अप्पांनी लगेच सवय सुरू केली. मान उजवीकडे वळवली, मी दिसले, मला नमस्कार केला. मग डावीकडे वळवली, थोडी जास्त, आणखी थोडी. तिथं अक्का उभ्या होत्या. त्या नव्या, स्वच्छ भिंगातून अप्पांनी किती तरी वर्षांनी बायकोकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"म्हातारी झालीस की गं तू," अप्पा म्हणाले.

"झाले की," अक्का म्हणाल्या. "तुमी ध्यानात हुता तवा."

अप्पा खदखदा हसायला लागले आणि मॅडम किंचाळल्या, "हसू नका! अप्पा, ताण येतो, टाके सुटतील, अजिबात हसायचं नाही!" असं ओरडताना त्या स्वतःच भिंतीला टेकून हसत होत्या. अप्पांनी उजव्या तळहातानं तोंड दाबून धरलं, मान मात्र तशीच डावीकडे.

"न्हाई हसत, मॅडम," बोटांआडून ते म्हणाले. "पण हिच्याकडं बघू तर द्या."